साडेएकोणतीस तासांचा गुरुजी



विद्वानांच्या या व्यासपीठावर आम्हांला बोलावलेत, याचा आम्हांला आनंद आहे आणि थोडी धास्तीही आहे. 1982 साली मुंबईत गिरणी संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो. शाळा तेव्हाच सुटली. पुढे जे काही शिकलो ते रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीत, जुने निवाडे वाचून वाचून. तेव्हा आज आम्ही भाषाशास्त्र सांगणार नाही. परक्या मुलखात जाऊन भाषा शिकवणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो आणि त्याच्या पोटाचे काय होते, एवढेच सांगणार आहोत.

आमचा एक भाचा 2018 च्या एप्रिलपासून जपानात, ओसाकाजवळच्या एका गावी, शाळांतून इंग्रजी शिकवतो. 2023 च्या फेब्रुवारीत आम्ही तीन आठवडे त्याच्या खोलीवर राहिलो. खोली म्हणजे आपल्या चाळीतली असते तेवढीच. थंडी अशी की रात्री घरातही तोंडातून वाफ निघे. कचरा टाकायचा तर कोणत्या वारी कोणता, हे ठरलेले. जाळायचा निराळा, बाटल्या निराळ्या. चुकलात तर पिशवी तेथेच राहते आणि शेजाऱ्यांना कळते की ही परदेशी माणसाची.

सकाळी तो सायकलने निघे. आठवड्यात तीन शाळा. दारात बूट काढून आतले जोडे घालायचे. दुपारी मुलेच पांढरे एप्रन आणि टोप्या घालून सर्वांना जेवण वाढतात. आमचा भाचा त्यांच्यातच बसून जेवतो, त्याचे पैसे मात्र पदरचे भरतो. जेवणानंतर मुले वर्ग झाडतात, फरशी पुसतात. रस्त्यात कोणी भेटले की "सेन्सेई, सेन्सेई!" सेन्सेई म्हणजे गुरुजी. तो मान पाहून आमची छाती भरून आली.

पण बंधूंनो, मान निराळा आणि करार निराळा. एका रात्री आम्ही त्याचा करार समोर घेऊन बसलो. तो ओळ वाची, अर्थ सांगे. कामाचे तास आठवड्याला साडेएकोणतीस. आम्ही विचारले, "तीस का नाहीत?" तो म्हणाला, "मामा, सगळ्यांचे असेच असतात." यातली मख्खी अशी. तेथे पूर्ण वेळ कामगाराच्या तीनचतुर्थांश तास, म्हणजे साधारण तीस तास भरले, की मालकाला आरोग्य विमा आणि पेन्शन यांत आपला वाटा घालावा लागे. म्हणून अर्धा तास कमी. पाठाची तयारी, वह्या तपासणे, एका शाळेतून दुसरीकडे जाणे हे हिशेबातच नाही. 2016 पासून कायदा बदलत गेला. मोठ्या कंपन्यांपासून आरंभ होऊन 2024 च्या ऑक्टोबरपासून पन्नासाहून अधिक कामगारांच्या आस्थापनांत वीस तास काम करणाऱ्यालाही विमा द्यावा लागतो. हा बदल आपसूक झालेला नाही.

दुसरी गोष्ट. तो शाळेचा नोकर नव्हेच. एका कंपनीने त्याला शाळेला पुरवलेला. शाळेतल्या जपानी शिक्षकाने त्याला थेट हुकूम दिला तर तो बेकायदा ठरतो. निरोप कंपनीमार्फत यायला हवा. एका वर्गात दोन शिक्षक उभे, आणि धड्याविषयी आपसात बोलण्याची पंचाईत! ऑगस्टात शाळा बंद, म्हणून पगार कापलेला. गिरणीत बदली कामगार सकाळी फाटकावर उभा राही, काम मिळाले तर दिवस भरे. आमच्या बापाने ते दिवस काढले. सुटाबुटातला बदली कामगार आम्ही प्रथम तेथे पाहिला.

करार एकेका वर्षाचा, मार्चअखेर संपणारा. जपानात 2013 च्या एप्रिलपासून कायदा आहे की एकाच मालकाकडे करार वाढत वाढत पाच वर्षांपलीकडे गेला, की कामगाराने मागताच त्याला बेमुदत करार मिळावा. भाच्याची पाच वर्षे त्या मार्चलाच भरत होती. सहावा करार मिळाला तर हक्क, न मिळाला तर रस्ता. कंपनीने सुचवले, "सहा महिने विश्रांती घ्या, मग पाहू." सहा महिन्यांचा खंड पडला की मागली वर्षे पुसली जातात, हे त्याला ठाऊक नव्हते.

येथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. आयुष्य आम्ही लोकांना "संघटित व्हा" म्हणण्यात घालवले. पण हाच भाचा पूर्वी फोनवर युनियनविषयी विचारी तेव्हा आम्ही म्हणत होतो, "परका मुलूख आहे. व्हिसा त्यांच्या हाती. मुकाट्याने सही कर." बहिणीचा एकुलता एक मुलगा, भीती वाटे. दुसऱ्याच्या मुलाला आम्ही असे कधी सांगितले नसते.

डोळे उघडले ते नोव्हाच्या कथेने. नोव्हा ही तेव्हा तेथली सर्वांत मोठी इंग्रजी शिकवणारी कंपनी होती. तिचे वर्ग रेल्वे स्टेशनांसमोर. 2007 च्या जूनमध्ये सरकारने ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल तिच्यावर निर्बंध घातले आणि 26 ऑक्टोबरला ती कोर्टाच्या आश्रयाला गेली. सुमारे 4,000 परदेशी शिक्षकांचे पगार थकले. घरभाडे पगारातून कापलेले, पण घरमालकाला पोचलेले नाही, अशी प्रकरणे निघाली. माणसे घराबाहेर पडली. तेव्हा युनियनने व्यवस्था केली की जुन्या विद्यार्थ्यांनी शिकवणीच्या बदल्यात गुरुजींना जेवण द्यावे. बुडालेल्या मालकाच्या कामगारांना थकलेल्या पगाराचे ऐंशी टक्के, ठरावीक मर्यादेपर्यंत, सरकारमार्फत मिळण्याचा कायदा तेथे 1976 पासून आहे. त्याचे अर्ज भरायला धावली ती युनियनच. भिऊन गप्प बसलेल्याचाही पगार बुडालाच होता.

त्या रात्री आम्ही म्हणालो, "मामा चुकला. उद्या जा." ओसाकात परदेशी शिक्षकांची जनरल युनियन 1991 पासून आहे. जपानी कायद्यात संघटनेचा हक्क परदेशी माणसालाही आहे, आणि युनियनने बोलणी मागितली तर मालकाला सबबीवाचून नकार देता येत नाही. भाचा सभासद झाला, पत्र गेले, बोलणी झाली. मार्चअखेरीस सहावा करार हाती आला आणि मग त्याने बेमुदत करार मागून घेतला.

पगार एका येननेही वाढला नाही, कारण हा कायदा फक्त मुदत काढतो. ऑगस्ट अजून कोरडाच जातो. पण आता मार्च आला की त्याची आई देवापाशी दिवा लावून जागत नाही.

आपल्यापैकी कित्येकांची मुले आज परदेशी आहेत. फोनवर "जेवलास का?" असे आपण विचारतोच. त्याबरोबर हेही विचारावे, "करारात काय लिहिले आहे, आणि तुझ्याबरोबर कोण आहे?"