शिट्टी मारणाऱ्या माझ्या भावांनो

(पवनानगर येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललं तसं छापलं आहे.)



मला इथं बोलावलंय ते कविता वाचायला. कविता आज खिशातच राहू दे. एक हिशेब काढायचाय, आणि तो लांबच्या कुणाशी नाही, समोर बसलेल्यांशी. तुमच्याशी आणि माझ्याशीही.

25 जानेवारी 2026. रात्रीची पाळी. मी जहाजावर कंटेनर बांधणाऱ्या टोळीत. लोखंडी दांडे ओढून तळहात सोलपटलेले. जरा दम खायला बसलो तर एकाच्या मोबाईलवर बातमी आली : पद्म पुरस्कारांची यादी लागली. रघुवीर खेडकरांना पद्मश्री. तमाशावाले खेडकर! कांताबाई सातारकरांचा मुलगा! आमच्या टोळीत संगमनेरचा एक, पारनेरचे दोन आणि मी मावळचा. संगमनेरवाल्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून वर भिरकावलं. पारनेरवाल्यानं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की क्रेनवाल्याला वाटलं खाली माणूस सापडला. त्यानं क्रेन थांबवली. मुकादम पळत आला, "कोण गेलं रे?" आम्ही म्हटलं, "गेलं कुणी नाही मुकादम, आपलं माणूस वर गेलं." त्याला काय कळलं नाही. त्यानं शिव्या घातल्या, आम्ही पुन्हा दांडे उचलले. शिट्टी मीही मारली होती. लपवत नाही.

त्याच यादीत आणखी एक नाव होतं. भिकल्या लाडक्या धिंडा. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचा आदिवासी म्हातारा, नव्वदी ओलांडलेला. दुधी भोपळ्याचा आणि बांबूचा तारपा आयुष्यभर वाजवत आला. त्याच्यासाठी गोदीत हेल्मेट उडालं नाही. कारण तो आमच्यात कुणाला माहीतच नव्हता. शिट्टी ओळखीच्या माणसालाच बसते, हे त्या रात्री माझ्या ध्यानात आलं. बरं वाटलं नाही.

पुढच्या सुट्टीला गावाकडं आलो. कामशेतपासून इकडं येताना एका चौकात फ्लेक्स. वर मोठ्या अक्षरात 'पद्मश्री', मग नाव, मग हार्दिक अभिनंदन. खाली अभिनंदन करणाऱ्यांचे फोटो. ज्याचं अभिनंदन त्याचा फोटो एवढासा, करणाऱ्यांचे दुप्पट. गॉगल लावलेले. आता बघा, बाबासाहेबांच्या घटनेत अठरावं कलम आहे. सैन्यातली आणि शिक्षणातली पदवी सोडली तर राज्यसंस्थेनं कुणाला किताब द्यायचा नाही. रावबहादूर, रायसाहेब ही उतरंड पुन्हा नको म्हणून. पद्म पुरस्कार 1954 साली सुरू झाले. ते या कलमात बसतात का, यावर भांडण कोर्टात गेलं. 1995 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, सन्मान चालेल, पण नावाच्या पुढं-मागं तो लावायचा नाही. म्हणजे फ्लेक्सवाल्यांनी पहिल्याच शब्दात घटना मोडली, आणि तीही प्रेमानं.

चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "चला, म्हातारपणाची सोय झाली, आता बसून खातील." सोय कसली? पद्मश्रीबरोबर पैसा येत नाही. रेल्वेची सवलत नाही. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, बास. फडातली दीड-दोनशे पोटं त्या पदकावर भरत नाहीत. ती भरतात यात्रेच्या सुपारीवर. आणि सुपारी देणारे कोण? आपणच की. त्याकडं मी येणार आहे.

आपल्या चळवळीतल्या पोरांचं काय झालं ते आधी सांगतो. दोन तट पडले. एक तट म्हणाला, आपल्या लोकांची कला दिल्लीला पोचली, नाचा. दुसरा म्हणाला, हा सरकारी तुकडा आहे, फेकून मारायला पाहिजे होता. दोघंही रात्रभर भांडले. दोघांपैकी एकानंही फडावर जाऊन कुणा ढोलकीवाल्याला विचारलं नाही की बाबा, तुला काय वाटतं?

दुसऱ्या तटाचं सगळं खोटं नाही. स्वातंत्र्य मिळालं तसं मुंबईत बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली होती. अश्लील म्हणून. पुढं बंदी उठली ती अटी घालून. काल ज्याला घाण म्हणून दार लावलं, आज त्यालाच लोककला म्हणून हार. मधल्या काळात बदललं काय? ढोलकी तीच. वाजवणारी जात, नाचणारी जात बऱ्याच ठिकाणी तीच. बघणाऱ्याला लाज वाटायची थांबली, एवढंच. आणि सरकार सगळ्याच डफाला हार घालत नाही. पुण्याच्या कबीर कला मंचाची शीतल साठे 2013 साली तुरुंगात गेली. 2020 साली त्याच मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप पकडले गेले. डफ त्यांच्याही हातात होता. इथं आपल्या उशाला पवनेचं पाणी आहे. याच पाण्याच्या बंद पाइपलाइनसाठी 9 ऑगस्ट 2011 ला बऊरला गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. त्यावर पोवाडा करणारा शाहीर कुठल्या यादीत बसेल, सांगा. वामनदादा कर्डक 2004 साली गेले. गावोगाव, वस्तीवस्तीत भीमाचं गाणं पेरून गेले. त्यांच्या नावावर पद्म नाही. अण्णाभाऊ 1969 साली गोरेगावात हलाखीत गेले, टपालाचं तिकीट निघालं 2002 साली. आपला माणूस पाकिटावर चिकटायला तेहतीस वर्षं लागली.

पण "फेकून मारायला पाहिजे होता" हे म्हणणारा मी कोण? मी महिन्याच्या पगारावर जगतो. ज्यानं कापडी तंबूत, पेट्रोमॅक्सच्या काळापासून, पावसात, चिखलात, दारुड्यांच्या दगडांपुढं उभं राहून फड चालवला, त्याला नाकार म्हणायचा हक्क मला कुणी दिला? नकार स्वस्त असतो, जेव्हा तो दुसऱ्यानं द्यायचा असतो.

नकार म्हटला की बाबासाहेब आठवतात. पठ्ठे बापूराव, रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. त्यांच्या फडात पवळा, हिवरगाव पावश्याची, आपल्या समाजाची. महाडच्या सत्याग्रहाला तमाशाच्या उत्पन्नातून मदत करतो म्हणून बापूराव बाबासाहेबांकडं गेले. बाबासाहेबांनी ती घेतली नाही. आमच्या बायका नाचवून आलेला पैसा नको, असा त्याचा अर्थ. चळवळ गरिबीत होती तेव्हाचं हे. आणि त्याच वेळी भीमराव कर्डकांचे जलसे त्यांना हवे होते. ढोलकी चालली, डफ चालला, सवाल-जवाब चालला. चालली नाही ती समोरच्याच्या भुकेल्या नजरेपुढं बाई उभी करणं. म्हणजे बाबासाहेबांचं भांडण वाद्याशी नव्हतं. ते कुणाच्या दारात, कुणाच्या हुकमावरून वाजतं, याच्याशी होतं. (येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित बायांवर पुस्तक लिहिलंय, 2024 ला अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप त्यांना मिळाली. इंग्रजीत आहे. मी मॅट्रिक, डिक्शनरी घेऊन थोडं थोडं वाचतोय. आपल्यात कुणाला नीट येत असेल तर मराठीत करा रे.)

आता माझ्या घरचं सांगतो. तुंग-तिकोन्याच्या मधे हे जे पाणी दिसतं, त्याच्या तळाशी आमचं जुनं घर आहे. तिथं माझ्या पणज्याच्या गळ्यात डफडं होतं. बेंदराला बैलापुढं, देवीच्या पालखीपुढं, मयताला तिरडीपुढं. बोलावणं यायचं नाही, हुकूम यायचा. मोबदला म्हणून वरून टाकलेली भाकर. 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, तेव्हा पणजा माझ्या आजाला घेऊन गेला होता. आजा तेव्हा पोरगा. तो सांगायचा, परत येताना बाप एक शब्द बोलला नाही. धर्मांतर झालं त्या साली त्यानं डफडं नदीत सोडलं. गावानं चार महिने बोलणं टाकलं, कामाला बोलावलं नाही. पण आजा एक गोष्ट हळूच सांगायचा. बाप रात्री झोपेत बोटं वाजवायचा. गोधडीवर. ताल चुकायचा नाही.

ही बोटं कुठल्या हिशेबात धरायची? गुलामी गेली, उत्तम झालं. पण तिच्याबरोबर हातातलं कसबही गेलं, त्याची भरपाई कुणी दिली नाही. तमिळनाडूत हेच झालं. तिथं परई नावाचं कातडी वाद्य, त्याच्यावरूनच परय्या ही जात. मयताला वाजवायची सक्ती. काहींनी वाजवणं सोडलं, काहींनी परई पेटवल्या. आणि काहींनी तीच उचलून मोर्चात वाजवली, पोरींना शिकवली. मदुराईकडच्या वेलू आसान यांना 2025 साली पद्मश्री मिळाली ती परईसाठी. जे वाद्य गळ्यात अडकवलं होतं ते त्यांनी हातात घेतलं.

आता शौकिनांकडं येतो. म्हणजे आपल्याकडं.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. नावातली जात तिनं झाकली नाही. याच पुणे जिल्ह्यातली. राष्ट्रपतींच्या हातून 1957 आणि 1990 असा दोनदा गौरव. दिवस भरलेले असताना नाचली, मधेच बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि परत उभी राहिली, ही गोष्ट आपण किती अभिमानानं सांगतो! मला ती ऐकताना आता लाज वाटते. समोर हजारो माणसं बसली होती ना? त्यातल्या कुणी का म्हटलं नाही, की बाई, झालं, आता पडून राहा? शिट्ट्या मारत बसली. 15 जानेवारी 2002 ला ती गेली तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या वर्गणीतून भागवावं लागलं. नंतर सरकारनं तिच्या नावाचा पुरस्कार काढला. तो दरवर्षी वाजतगाजत देतात.

परवा मावळातल्याच एका गावच्या यात्रेला गेलो होतो. गावाचं नाव घेत नाही. वेशीवर पद्मश्रीचा अभिनंदनाचा फ्लेक्स, आणि आत तमाशाच्या मॅनेजरशी यात्रा कमिटीचं भांडण. गण-गवळण लांबली, फर्माईशीचं गाणं कमी झालं, म्हणून ठरल्या सुपारीतले पैसे कापले. मॅनेजर हात जोडून उभा. मागं ट्रकच्या सावलीत बाया पोरांना भात भरवत होत्या. पालखीपुढं हलगी वाजवायला शेजारच्या वस्तीतली चार पोरं आणली होती. जेवणाच्या वेळी त्यांना पत्रावळ्या हातात दिल्या, "तिकडं पलीकडं बसा." पलीकडं म्हणजे मंडपाच्या बाहेर. त्यातला एक पोरगा मला म्हणाला, "दादा, आता आपल्या कलेला दिल्लीत मान मिळतोय." खरंच खूश होता तो. हातात पत्रावळ, उन्हात उकिडवा. मी काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. म्हणून आज बोलतोय.

पाडव्याला नारायणगावात राहुट्या पडतात. गावोगावचे कारभारी जीप करून सुपारी ठरवायला जातात. त्या जीपमधे आपल्यातलं कुणी बसतं का? कमिटीच्या वर्गणीत आपले पैसे आहेत, मग बोलण्यात आपलं तोंड का नाही? ठरली सुपारी पुरी द्यायची, आणि ती कागदावर. कपडे बदलायला बायांना आडोशाची जागा आणि संडास. वाजवणाऱ्याला पंगतीत पान. हे तीन मुद्दे घेऊन पाच पोरं जरी तुमच्या गावच्या कमिटीपुढं उभी राहिली तरी फ्लेक्सपेक्षा जास्त काम होईल. मार बसेल कदाचित. बसू दे.

मी गेल्या महिन्यात मुंबईत एक हलगी विकत घेतली. पगारातून. फायबरची आहे, कातडी महाग. घरी आणली तर आजी बघतच राहिली. हात लावला नाही. म्हणाली, "सासऱ्यानं पाण्यात सोडलेलं तू परत घरात आणलंस. कुणाच्या दारात वाजवणार?"

म्हटलं, "14 एप्रिलला, विहाराच्या दारात."

"आणि गावानं यात्रेला बोलावलं तर?"

म्हटलं, "सुपारी आधी, पंगत आधी, मग वाजवणं."

"आणि नाही दिली तर?"

मी गप्प बसलो. ती उठून चुलीकडं गेली. हलगी पिशवीत आहे, इथं आणलीय. अजून ताल बसलेला नाही, तेव्हा हसू नका. ज्याला येते त्यानं पुढं या आणि मला शिकवा.

जयभीम.