एक यान, तीन दृश्यं

चंद्रावर उतरलेलं चांद्रयान-३ चं विक्रम लँडर आपण बहुतेकदा तिरक्या, देखण्या चित्रात पाहतो. पण त्या चित्रावरून यान बांधता येत नाही, कारण तिरकं पाहिलं की कोन खरे राहत नाहीत. म्हणून अभियंता त्याच्याकडे समोरून, वरून आणि बाजूने सरळ पाहतो. इस्रोने विक्रमचं माप २००० गुणिले २००० गुणिले ११६६ मिलिमीटर दिलं आहे. पहिले दोन आकडे वरच्या दृश्यात मिळतात, उंची समोरच्या. या पद्धतीला गणिती पाया दिला तो अठराव्या शतकात, फ्रान्सच्या गास्पार मोंज यांनी.

ड्रॉइंग बोर्डवर प्रत्येक दृश्य वेगळं काढावं लागे. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आरेखनात, आधी त्रिमितीय मॉडेल उभं राहतं आणि दृश्यं त्यातूनच निघतात. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. चांद्रयान-२ च्या लँडरला पाच इंजिनं होती; चांद्रयान-३ मध्ये मधलं काढून चार ठेवली, पायही मजबूत केले. असा एक बदल मॉडेलमध्ये केला, की त्याला जोडलेली सगळी दृश्यं आपोआप सुधारतात. एखादी नळी पायाला अडत असेल, तर तेही पडद्यावरच कळतं.

विद्यार्थी मित्रांनो, एक मात्र जपा. भारतात रूढ असलेल्या फर्स्ट अँगल पद्धतीत वरचं दृश्य समोरच्या दृश्याखाली काढतात. अमेरिकेत ते वर असतं. नासाच्या यानाचं ड्रॉइंग हाती आलं, तर आधी त्यावरचं, कोणती पद्धत वापरली ते सांगणारं छाटलेल्या शंकूचं चिन्ह शोधा.