जखम भरली, आता तालीम



संक्रांत आली की पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रांत घारींची रीघ लागते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. तरी तो झाडांवर, तारांवर लोंबतोच, आणि सण सरल्यावरही महिनोन्‌महिने कापत राहतो. घारीच्या पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत, कातडीचा ताणलेला पडदा असतो. मांजा बरेचदा तिथेच बसतो. त्या कडेतली कंडरा तुटली की पंख पुरता उघडत नाही.

टाके पडले, जखम भरली, घार मांसाचे तुकडे मटकावू लागली, की बघणाऱ्याला वाटते, आता द्या सोडून! पण पिंजऱ्यात बसून बसून तिच्या छातीचे स्नायू झडलेले असतात. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा, सुरीच्या पात्यासारखे हाताला लागते. अशी घार उडेल, पण दोन गल्ल्या ओलांडून खाली येईल.

म्हणून तालीम. पायांत मऊ चामड्याचे पट्टे, त्यांना लांब, हलकी दोरी आणि मोकळे मैदान. एकाने पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून सोडायचा, दुसऱ्याने दोरी सांभाळायची. सुरुवातीला तो जेमतेम काही मीटर जातो आणि धपकन बसतो. किती उंच गेला याला फारसे महत्त्व नाही. दोन्ही पंख सारखे उघडतात का, दोन्ही बाजूंना वळता येते का, आणि खाली उतरल्यावर धाप किती वेळात थांबते, हे पाहायचे. चोच उघडी टाकून पक्षी धापा टाकतच राहिला, तर त्या दिवशी तेवढेच पुरे. यात आठवडे जातात.

ही विद्या बाजदारांची. पक्षी माणसाच्या हाती राहावा म्हणून त्यांनी ती घडवली. आज ती उलट कामाला येते. मोडक्या पिसांवरचा उपायही त्यांचाच. मेलेल्या पक्ष्याचे नेमके तेच पीस घ्यायचे, बांबूची काडी तासून दोन्ही दांड्यांच्या पोकळीत बसवायची आणि चिकटवायचे. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तेराव्या शतकात हे लिहून ठेवले आहे. असे कलम केले नाही, तर पिसे झडून नवी येईपर्यंत पक्षी पिंजऱ्यातच.

सोडायचा कधी, याला सगळ्यांसाठी एक माप नाही. घार कचऱ्याच्या ढिगावर, मासळीबाजारात पोट भरते. पंखात किंचित उणे असले तरी तिचे निभते. बहिरी ससाणा उडत्या पक्ष्यावर ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने सूर मारतो. त्याच्या पंखात थोडेही अधूपण राहिले, तर सोडणे म्हणजे त्याला उपाशी मारणे. आणि मान्यवरांच्या हस्ते पक्षी हवेत फेकण्याचे फोटो मला मुळीच आवडत नाहीत. पेटी जमिनीवर ठेवावी, झाकण उघडावे, बाजूला व्हावे.

तुम्हाला जखमी घार किंवा शिकरा दिसला तर अंगावर जाड कापड टाका, नख्यांपासून जपा. भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून खोके अंधारात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. चोचीत पाणी मात्र ओतू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते.