करवत निवडावी छेदावरून

विजेवर चालणारी करवत घेताना गिऱ्हाइकाचे लक्ष बहुधा वॉटच्या आकड्याकडे जाते. वास्तविक कोणत्या लाकडात, कोणत्या दिशेने आणि किती खोल छेद घ्यायचा आहे, यावरून ती निवड व्हायला हवी. लाकडाच्या रेषांना समांतर जाणाऱ्या उभ्या छेदात भुसा झपाट्याने बाहेर पडावा लागतो, म्हणून त्या पात्याला मोठे व विरळ दाते असतात. रेषा तोडणाऱ्या आडव्या छेदात कड स्वच्छ राहावी लागते, म्हणून तेथे दाते बारीक व दाट असतात.

गोल पात्याची हातकरवत, म्हणजे सर्क्युलर सॉ, लांब व सरळ छेदासाठी योग्य ठरते. १८५ मिलिमीटर व्यासाचे पाते सुमारे ६५ मिलिमीटर खोल उतरते, त्यामुळे आठ बाय चार फुटांचा प्लायवूडचा ताव सरळ पट्टीच्या आधाराने कापता येतो. मात्र तिचे दाते खालून वर कापत असल्याने वरच्या बाजूच्या चिपा उडतात, यासाठी तावाची दर्शनी बाजू खाली ठेवावी. टेबल सॉमध्ये पाते वरून खाली कापते, म्हणून तेथे ती वर ठेवावी. वळणदार छेदासाठी अरुंद पाते वरखाली हलवणारा जिग सॉ उपयोगी पडतो, पण जाड लाकडात त्याचे पाते वाकून छेद तिरपा होतो. चौकटीचे ४५ अंशांचे सांधे मायटर सॉवर अचूक साधतात.

खर्च वाचवण्यासाठी मार्बल कटरलाच लाकडाचे दातेरी पाते बसवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, ती धोक्याची आहे. दगड कापणाऱ्या हिऱ्याच्या चकतीसाठी घडवलेल्या या यंत्राला छेद संपताच पाते झाकणारे आपोआप मिटणारे संरक्षक कवच नसते. त्यामुळे दाते लाकडात अडकून यंत्र कापणाऱ्याच्या दिशेने उसळले, म्हणजेच ‘किकबॅक’ झाला, तर उघडे पाते थेट अंगावर येते.

घरी कपाटे व फळ्या करायच्या असतील, तर पहिली खरेदी सर्क्युलर सॉची आणि त्यासोबत कार्बाइड दात्यांच्या चांगल्या पात्याची करावी. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक ठरली असल्याने चष्म्याइतकाच मास्कही आवश्यक आहे. हातमोजे फिरत्या पात्यात ओढले जातात, म्हणून ते टाळावेत, आणि पाते बदलण्यापूर्वी प्लग काढावाच.