"वरून आदेश आहे" म्हणजे कुठून?
(वनहक्क मेळाव्यातलं भाषण)



साहेब म्हणतो, "वरून आदेश आहे." वर म्हणजे कुठं? घटनेनं सत्ता एकाच हातात दिली नाही, वाटून दिलीय. जमीन राज्याच्या यादीत. जंगलही तिथंच होतं. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं ते केंद्र-राज्य दोघांच्या समवर्ती यादीत गेलं. म्हणून २००६ चा वनहक्क कायदा संसदेनं केला, अंमलबजावणी राज्याकडं. पण दाव्याची सुरुवात ग्रामसभेतच.

ओडिशातल्या नियमगिरीचा प्रश्न २०१३ साली सुप्रीम कोर्टानं ग्रामसभांकडं पाठवला. बाराच्या बारा सभांनी खाणीला नाही म्हटलं. मग केंद्रानंही परवानगी नाकारली.

तेव्हा आदेश कागदावर मागा. आपला ठराव लिहून काढा, सह्या-अंगठे घ्या. तोंडी बोललेलं वर पोचत नाही.

जोहार!