ढेकूण आणि वैशाखाचे ऊन

तमिळ भाषेत ढेकणाला ‘मूट्टैपूच्चि’ म्हणतात. ‘मूट्टै’ म्हणजे गाठोडे आणि ‘पूच्चि’ म्हणजे किडा. प्रवाशाच्या वळकटीतून गावोगाव हिंडणाऱ्या या जीवाला याहून समर्पक नाव क्वचितच सापडेल.

चेन्नई शहराने या क्षुद्र प्राण्याची एकदा कसून चौकशी केली होती. १९०७ साली तेथील गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या पॅटन या डॉक्टरांनी काळ्या आजाराचे जंतू ढेकणाच्या पोटात वाढतात असे मांडले, आणि संशयाची सुई बरीच वर्षे ढेकणाकडे वळली. पुढे १९४२ साली आसामातील प्रयोगांनी हा रोग वाळूमाशी पसरविते हे सिद्ध केले. ढेकूण त्या आरोपातून सुटला. मात्र गोरगरिबांची झोप लुटण्याच्या आरोपातून तो कधीच सुटणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर डी. डी. टी. आली आणि ढेकणांचा निर्वंश झाला असे वाटू लागले. परंतु १९४७ सालीच हवाई बेटांतील पर्ल हार्बर येथे त्या विषाला दाद न देणारे ढेकूण आढळले. विषाची सवय होते. उष्णतेपुढे मात्र देहच टिकत नाही. सुमारे पन्नास अंश सेल्सिअसला मोठा ढेकूण थोड्याच वेळात मरतो. अंडी अधिक चिवट. त्यांच्यासाठी पंचावन्न अंशांच्या पुढे जाणे बरे.

मग चेन्नईच्या उन्हात गादी टाकली की काम झाले, असे कोणी म्हणेल. तेथे वैशाखातील ‘अग्निनक्षत्रम्’ प्रसिद्धच आहे. ३१ मे २००३ रोजी शहरात पारा पंचेचाळीस अंशांवर गेला होता. तरीही ही युक्ती पुष्कळदा फसते. दुपारनंतर समुद्रावरचे वारे सुटते. शिवाय कापूस उष्णता आत शिरू देत नाही; गादीचा वरचा पदर चटका देतो, तेव्हा तिचे पोट थंडच असते. ढेकूण निमूटपणे खालच्या सावलीत उतरतो आणि रात्री परत येतो.

म्हणून उष्णता त्याच्या बिळापर्यंत पोहोचली पाहिजे, आणि तेथे पुरेसा वेळ टिकली पाहिजे. खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे. इडलीच्या भांड्यातून निघते तशी वाफ गादीच्या शिवणींवर सावकाश फिरवावी. चादरी, अभ्रे साठ अंशांच्या पाण्यात धुवावेत. ज्यांना उष्णता सोसत नाही, अशी पुस्तके वा लहान वस्तू पिशवीत घट्ट बांधून शून्याखाली अठरा अंशांच्या शीतपेटीत चार दिवस ठेवाव्यात. नुसत्या गारव्याने ढेकूण मरत नाही. तो केवळ सुस्तावतो.

खाटेवर रॉकेल ओतून काडी लावणे मात्र सर्वथा वर्ज्य आहे. ढेकूण मारताना घर जळाल्यास त्या विजयाला काय अर्थ?

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ढेकूण घरात येणे हे अस्वच्छतेचे प्रायश्चित्त नव्हे. तो पाहुण्याच्या गाठोड्यातूनही येतो. लाजेने लपविलेला ढेकूण शेजारच्या भिंतीत शिरतो. म्हणून शेजाऱ्यांना विश्वासात घेऊन, एकाच दिवशी, साऱ्या चाळीने पाणी उकळावे. एका घरातून हुसकावलेला ढेकूण मग दुसऱ्या घरी आसरा मागू शकणार नाही.