एम नावाचे तात्पुरते कपाट



ग्रंथालयाच्या शताब्दी समारंभात संगणकाविषयी बोलायचे म्हटले, की ग्रंथसूची, बारकोड किंवा आंतरजाल यांविषयी काही ऐकायला मिळेल अशी अपेक्षा असते. आजचा विषय त्याहून पुष्कळ लहान आणि जुना आहे. अ‍ॅलन शुगर यांच्या अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने १९८५ साली इंग्लंडात पीसीडब्ल्यू ८२५६ नावाचे एक यंत्र विक्रीस आणले. हिरवा पडदा, कळफलक, फ्लॉपी ड्राइव्ह आणि छपाईयंत्र असा सगळा संसार ३९९ पौंडांत, कर वेगळा. टंकलेखनयंत्रावर लिहिणारा लेखक, घरगुती पत्रव्यवहार पाहणारी गृहिणी, एखाद्या लहान संस्थेचा चिटणीस असा वर्ग समोर ठेवूनच ते घडवले होते. या यंत्रात रॅम डिस्क नावाची एक सोय होती. ती कशी मांडावी, तिच्यात काय ठेवावे आणि मुख्य म्हणजे काय ठेवू नये, एवढाच आजचा विषय आहे.

ग्रंथालयाच्या सभासदांना ही कल्पना समजावून सांगणे सोपे आहे. देवघेवीच्या टेबलावर बसणारा अनुभवी ग्रंथपाल दिवसभर मागितली जाणारी पुस्तके दर वेळी आतल्या कपाटातून आणत नाही. शब्दकोश, पंचांग, गेल्या आठवड्यात आलेली नवी कादंबरी असे निवडक ग्रंथ तो सकाळीच हाताशी आणून ठेवतो. पीसीडब्ल्यूमध्ये आतले कपाट म्हणजे फ्लॉपी. ती तीन इंची, कठीण वेष्टनातली, आणि तिच्या एका बाजूवर १७३ किलोबाइट मजकूर मावत असे. तिच्यावरून काही वाचायचे तर आधी मोटर फिरणार, मग डोके योग्य रेषेवर सरकणार, आणि माणूस तोवर पडद्याकडे पाहत बसणार. उलट यंत्राच्या आतल्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, काहीच हलत नाही. या स्मृतीचाच एक तुकडा बाजूला काढून, ही एक फ्लॉपीच आहे असे यंत्राला भासवायचे, याचे नाव रॅम डिस्क. पीसीडब्ल्यूवर तिला एम हे अक्षर दिलेले होते. एम म्हणजे मेमरी.

पण फ्लॉपीचे सोंग घेण्याची गरज काय? स्मृती आहे तर ती सरळच का वापरू नये? याचे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. त्याचा झेड ८० हा प्रोसेसर एका वेळी केवळ ६४ किलोबाइट स्मृती पाहू शकतो. पीसीडब्ल्यू ८२५६ मध्ये २५६ किलोबाइट होत्या. १६ किलोबाइटचा एक अशा १६ भागांत त्या विभागलेल्या असत आणि आळीपाळीने प्रोसेसरच्या नजरेसमोर आणल्या जात. नऊ भाग यंत्राचा कारभार, पडदा आणि चालू काम यांत खर्ची पडत. उरलेले सात भाग, म्हणजे ११२ किलोबाइट, मोकळे राहत. त्या काळातील सीपी/एम प्रणालीवरचे बहुतेक प्रोग्रॅम ६४ किलोबाइटच्या जगासाठी लिहिलेले होते. पलीकडची स्मृती त्यांना ठाऊकच नव्हती. मात्र फ्लॉपी वाचणे आणि फ्लॉपीवर लिहिणे हे प्रत्येकाला येत होते. म्हणून मोकळ्या स्मृतीला फ्लॉपीचा वेष चढवला गेला, आणि तिच्याविषयी काहीही माहीत नसलेले जुने प्रोग्रॅमही तिचा लाभ घेऊ लागले.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. एम तयार करावी लागत नाही; सीपी/एम सुरू होताच ती असतेच, पण रिकामी. तिच्यात वस्तू नेण्याचे काम पिप नावाची आज्ञा करते. बेसिक ही भाषा हवी असेल तर ‘पिप एम:=ए:बेसिक.कॉम’ असे लिहावयाचे. आपण बोलताना कपाटातून टेबलावर असे म्हणतो. पिपला टेबल आधी सांगावे लागते आणि कपाट मागून. डिजिटल रिसर्च कंपनीच्या या प्रणालीची ही खोड शेवटपर्यंत टिकली, आणि नवशिक्याला ती एकदा तरी चकवणारच.

एवढ्याने काम होत नाही. बेसिक एमवर आणून ठेवले तरी ते मागताच यंत्र नेहमीच्या सवयीने फ्लॉपीवरच शोधायला जाते, आणि टेबलावरचे पुस्तक टेबलावरच राहते. म्हणून ‘सेटडेफ एम:,*’ ही दुसरी आज्ञा द्यावी लागते. आधी एमवर पाहा, तेथे नसेल तर चालू ड्राइव्हवर जा, असा तिचा अर्थ. ही एक ओळ राहून गेली तर आधीचा सारा खटाटोप वाया जातो.

रोज सकाळी हे सारे हाताने करणे कंटाळवाणे, म्हणून प्रोफाइल.सब या नावाची यादी फ्लॉपीवर लिहून ठेवण्याची सोय होती. यंत्र सुरू होताच सीपी/एम ती यादी शोधते आणि तिच्यातील आज्ञा क्रमाने पाळते. यादीत ‘पिप’ एकदाच लिहून पुढच्या ओळी ‘<’ या खुणेने सुरू केल्या, तर पिप एकदाच फ्लॉपीवरून येते आणि सगळी सामग्री एका खेपेत हलवते. नाहीतर प्रत्येक वस्तूसाठी ती नव्याने वाचली जाते. सबमिट.कॉम हा प्रोग्रॅमही त्याच फ्लॉपीवर असावा लागतो, अन्यथा यादी चालत नाही. हे प्रयोग कंपनीच्या मूळ फ्लॉपीवर न करता तिच्या प्रतीवर करावेत, हे वेगळे सांगायला नकोच.

एकच ड्राइव्ह असलेल्या माणसाला एमचा आणखी एक मोठा उपयोग होता. एका फ्लॉपीवरचा मजकूर दुसरीवर उतरवायचा तर फ्लॉप्यांची अदलाबदल करता करता हात दुखत. त्याऐवजी मजकूर आधी एमवर घ्यावा, फ्लॉपी बदलावी आणि तो खाली उतरवावा. भरलेल्या १७३ किलोबाइटना मात्र दोन फेऱ्या लागत, कारण टेबल कपाटापेक्षा लहान होते.

११२ किलोबाइट म्हणजे किती? पानाला दोन हजार अक्षरे धरली तर पंचावन्न-छप्पन्न पाने. एवढ्याशा जागेत निवड अटळ होती. जे वारंवार लागते आणि ज्याची मूळ प्रत फ्लॉपीवर सुरक्षित आहे, तेच एमवर असावे. संपादनाचा प्रोग्रॅम, पिप, बेसिक या तेथे ठेवण्याच्या वस्तू. स्वतः लिहिलेला मजकूर ही नव्हे. तो ठेवायचाच असेल तर फार सावधपणे.

कारण वीज बंद झाली की एम रिकामी. शिफ्ट, एक्स्ट्रा आणि एक्झिट या तीन कळा एकत्र दाबून यंत्र नव्याने सुरू केले, तरीही रिकामी. इंग्रजीने या पदार्थाला मेमरी हे नाव दिले आणि आपण त्याचे ‘स्मृती’ असे भाषांतर केले, पण स्मृती या शब्दामागे आपल्याकडे निराळाच अर्थ उभा आहे. पाठांतराच्या परंपरेत पोथी जळाली तरी मुखोद्गत पाठ उरतो. म्हणून स्मृती टिकाऊ आणि लेखन नाशवंत. येथे नेमके उलटे आहे. यंत्राची स्मृती क्षणात सारे विसरते, आणि लिहिलेले तेवढे उरते. लेखकाच्या दृष्टीने हा शब्दांचा खेळ नव्हे. दुपारभर लिहिलेले प्रकरण सूचीत डोळ्यांसमोर दिसते आहे, नाव आहे, आकार आहे. ते एमच्या रकान्यात आहे की एच्या, एवढाच फरक. यंत्रासोबतच्या लोकोस्क्रिप्ट या लेखनप्रणालीत दोन्ही रकाने एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसत. नजर चुकली, खटका बंद केला, तर प्रकरण गेले. फ्लॉपीवरचा खोडलेला लेख लोकोस्क्रिप्टच्या ‘लिंबो’तून कधी परत मिळे, बंद झालेल्या यंत्राच्या एमवरून काहीही मिळत नाही.

यावर शिस्तीचा माणूस दुसरी यादी करून ठेवी. सकाळची यादी वस्तू टेबलावर आणणारी, संध्याकाळची परत नेणारी. तिच्यात ‘पिप ए:=एम:*.टीएक्सटी[व्ही]’ एवढी एक ओळ पुरे. शेवटचे ‘व्ही’ म्हणजे पडताळा: उतरवलेला मजकूर पुन्हा वाचून मुळाशी जुळवून पाहा. पिपचे पर्याय पुष्कळ आहेत, पण कंसातला हा एक विसरू नये.

जागा वाढवणेही शक्य होते. ८२५६ च्या फलकावर आठ खाचा रिकाम्या सोडलेल्या असत. प्रत्येकी २५६ किलोबिटच्या आठ चिप बसवून फलकावरचे लहान खटके बदलले, की आणखी २५६ किलोबाइट मिळत आणि एम ११२ वरून ३६८ वर जाई. पुढच्या ८५१२ या मॉडेलमध्ये ही भर मुळातच होती. या चिप बसवणे घरबसल्या जमण्यासारखे काम होते, आणि अनेकांनी ते केले.

पीसीडब्ल्यू मालिका १९९८ च्या सुमारास बंद झाली. आज हे यंत्र जुन्या वस्तू जपणाऱ्यांकडे आहे, आणि त्यांना भेडसावणारी अडचण विजेची नाही. तीन इंची ड्राइव्ह फिरवणारा रबरी पट्टा वयाने सैल पडतो, कधी चिकट होऊन वितळतो. तो बदलल्याशिवाय फ्लॉपी वाचलीच जात नाही. पट्टा नवा घातला तरी फ्लॉपी जुनीच असते. एखाद्याच्या वडिलांची पत्रे किंवा न छापलेली कादंबरी अशा फ्लॉपीवर असेल, तर ती पुन्हापुन्हा फिरवणे धोक्याचे. जाणकार तेव्हा सगळा मजकूर एकाच वाचनात एमवर उतरवून घेतात आणि फ्लॉपी लगेच बाहेर काढतात. मग यंत्राच्या मागे वेगळे जोडावे लागणारे सीपीएस ८२५६ हे जोडयंत्र लावून, ‘पिप ऑक्स:=एम:’ आणि पुढे फाइलचे नाव अशा आज्ञेने, एकेक फाइल तारेवरून आजच्या संगणकाकडे पाठवतात. शेवटची फाइल पलीकडे पोचून वाचून पाहिली जाईपर्यंत भिंतीवरच्या खटक्याला कोणी हात लावत नाही.